नऊ चाळीसची कार्यवाही

खोटं बोलणार नाही, हे पंचशीलातलं चौथं शील. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका वार्डातल्या विहारात दर रविवारी सकाळी पन्नास-साठ माणसं हात जोडून ते म्हणतात, आणि बहुतेकांना ते सोमवार दुपारपर्यंत पुरतं. खेमराज भालाधरेंना त्या रविवारी ते पाच मिनिटंही पुरलं नाही.

वंदना संपली होती. लोक सतरंजीवरून उठायच्या बेतात होते, तेवढ्यात विहार समितीचे अध्यक्ष भालाधरे हातात एक कागद घेऊन उभे राहिले.

"बसा, बसा. एक बात सांगाची आहे. मागच्या रविवारी आपली मीटिंग किती वाजता सुरू झाली?"

"बाराले," मागून कोणीतरी म्हणालं.

"अन् खतम कवा झाली?"

"दोनले."

"मंग हे पाहा." भालाधरेंनी कागद उंच धरला. "ही त्या मीटिंगची कार्यवाही, काय बोलणं झालं, काय ठरलं त्याची लिखापढी. सचिवबाईनं टाइप करून मले सहीसाठी देल्ली. खाली छापल्याचा टाइम आहे. नऊ चाळीस! सुबह के नौ चालीस! मीटिंग सुरू व्हाच्या दोन घंटे आंधीच बाईनं कार्यवाही छापून ठेवलती. कोण काय बोलते, किती हात वर होते, सगळं बाईले सकाळीच मालूम होतं. माणूस खोटं बोलते, कागद खोटं बोलत नाई."

सचिवबाई म्हणजे मीनाक्षी उके. वय बावन्न. त्या बायकांच्या रांगेत दुसऱ्या नंबरला बसल्या होत्या. उठून त्यांनी कागद हातात घेतला. टायपिंग त्यांचंच, मांडणी त्यांचीच, आणि तळाला बारीक अक्षरात तारीख व वेळ: ०९:४०. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत पाहिलं. नऊ चाळीसच. मीटिंग आटोपून, घरी जाऊन, दोन घास खाऊन तीन वाजून गेल्यावर त्यांनी तो कागद छापला होता. आणि कागद नऊ चाळीस म्हणत होता.

"असं होऊच शकत नाई," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"नाई होऊ शकत, तेच तर मी म्हणतो," भालाधरे म्हणाले. "म्हणून तो फैसला कॅन्सल. पुढच्या रविवारी बारा वाजता परत मीटिंग. नवीन सचिव पण तेव्हाच निवडू."

आता तो फैसला काय होता, ते ऐका, म्हणजे भालाधरेंना शीलाची एवढी आठवण का झाली ते कळेल. विहाराच्या वर एक मोठी खोली आहे. समोर खिडक्या, वर पंखा, वाऱ्याला तोटा नाही. भालाधरेंचं बिछायत केंद्र आहे, लग्नाकार्यात गाद्या, खुर्च्या, कढया देण्याचं. सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून त्यांनी तिथं गाद्या ठेवल्या. भटाला दिली ओसरी, तसं झालं. मग कढया आल्या, मग खुर्च्या. खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली अध्यक्षांच्या करगोट्याला. वार्डातल्या पोरींना अभ्यासाला जागा नाही. एका खोलीत सहा माणसं, वर टीव्ही. मीनाक्षीताईंनी प्रस्ताव मांडला की खोली रिकामी करून अभ्यासिका करावी. मागच्या रविवारी हात वर झाले आणि प्रस्ताव पास झाला. भालाधरे तेव्हा मूग गिळून बसले होते. त्यांना बोलायला एक कागद हवा होता, तो आता मिळाला.

मीनाक्षीताईंना राग कशाचा आला? भालाधरेंचा आलाच. पण त्या माणसाकडून त्यांना दुसरी अपेक्षाही नव्हती. तळपायाची आग मस्तकाला गेली ती बाकीच्यांमुळे. पन्नास माणसं बसली होती. त्यातल्या अर्ध्यांचे जातीचे दाखले, पेन्शनचे अर्ज, पोरांच्या फॉर्मांवरची शपथपत्रं याच बाईनं टाइप केलेली. त्यातल्या एकानंही विचारलं नाही, ताई, हे कसं झालं? एकानंही नाही. सगळे कागदाकडे पाहत होते आणि मग हळूच त्यांच्याकडे.

वेळेच्या बाबतीत ही बाई कशी आहे, हे त्या पन्नास जणांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्या मूळच्या तिरोडीच्या, मँगनीजच्या खाणीजवळच्या. त्यांचे वडील वसंता खाणीत होते. भोंगा वाजायच्या आधी माणूस फाटकाच्या आत हवा, नाहीतर त्या दिवसाची हजेरी गेली. वसंता भोंग्याच्या पंधरा मिनिटं आधी फाटकावर उभा असायचा, आणि पोरीला सांगायचा, "वेळेवर गेलेल्या माणसाले कोणी खोटं नाई म्हणू शकत, बाई." पोरीनं ते मनावर घेतलं. एकोणिसाव्या वर्षी बालाघाटला येऊन ती हिंदी टायपिंग शिकली. बाबू व्हायचं होतं, ते झालं नाही. मग कोर्टाबाहेर छपरीखाली टाइपरायटर घेऊन बसली. पुरुषांच्या रांगेत एकटी बाई. पहिले सहा महिने लोक तिला टाइपरायटरवाल्याची बायको समजून, "तुमचे मालक कवा येतात?" विचारायचे. ती म्हणायची, "मालक आली आहे. बोला."

चौदा वर्षं ती तिथं बसली. एकदा दोन भावांचं भांडण झालं, कोणाचा अर्ज आधी टाइप झाला म्हणून. तिला साक्षीला बोलावलं. त्या दिवसापासून तिनं ठरवलं, आपल्या हातून निघालेल्या प्रत्येक कागदाच्या तळाला तारीख आणि वेळ असेल. आधी हातानं मारायची. पुढं कॉम्प्युटर आला, तेव्हा तिनं अशी सोय करून घेतली की कागद छापताना वेळ आपोआप खाली उमटेल. म्हणजे पाहा, भालाधरेंच्या हातातलं कोलीत तिनंच घडवलं होतं, स्वतःच्या खरेपणापायी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी आल्या तेव्हा नवरा गुणाकर जेवायला बसला होता. तो नगरपालिकेत नळाच्या पंपावर. पहाटे साडेतीनला घराबाहेर पडतो, वार्डावार्डाचं पाणी सोडतो. गरीब स्वभावाचा माणूस. विहारातली बातमी त्याच्यापर्यंत ताईंच्या आधीच पोचली होती.

"जाऊ दे नं," तो म्हणाला. "वार्डात राह्याचं आहे आपल्याले. सोडून दे ते सचिवपद."

"पद सोडन मी. खोटारडी म्हणवून नाई सोडन."

"त्याले काय होते..."

"तुमाले काय होते ते मले मालूम आहे," त्या म्हणाल्या आणि वरणाचं भांडं असं आपटलं की गुणाकरनं पुढचा घास तसाच हातात धरला.

घरात कॉम्प्युटर एकच. दहा वर्षांचा जुना, बैठकीच्या कोपऱ्यात, वर क्रोशाचं झाकण. पण त्या एका खोक्यात संसार दोन होते. एक विंडोजचा, तो मीनाक्षीताईंचा. त्यांचं हिंदी टायपिंग त्यात, आणि प्रिंटर चालायचा तोही त्यातच. दुसरा लिनक्सचा, तो त्यांच्या पोरीचा, प्राचीचा. प्राची बावीस वर्षांची, कॉम्प्युटरचंच शिकलेली, नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी. कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला, तेव्हा तिनं डिस्कचे दोन वाटे केले आणि एका वाट्यात आपली हलकीफुलकी सिस्टम बसवली. तेव्हापासून बटण दाबलं की आधी काळा पडदा येई आणि विचारी, कोणाकडे जायचं? दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर तो आपला प्राचीकडे जाई. ताई मोजून तीनदा खालचा बाण दाबत आणि आपल्या घरात शिरत. चूल पाहायला उठलं की दहा सेकंदं जात आणि पोरीच्या घरात पाऊल पडे. मग परत बंद करा, परत चालू करा. त्यावरून मायलेकींचं रोज एकदा वाजायचं.

त्या दुपारी त्यांनी झाकण काढलं, बटण दाबलं, बाण तीनदा दाबला. विंडोज उघडलं. उजव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, सकाळचे सात पाच. त्यांनी भिंतीवर पाहिलं. बारा पस्तीस.

"प्राची!"

प्राची धावत आली. कोपऱ्यात पाहून म्हणाली, "अरे मम्मी, वो तो होता ही है."

"काय होता ही है?"

"मी सकाळी माह्या साइडमध्ये होती नं. मशीनच्या आत एक छोटी घडी असते, बॅटरीवर चालते. माही सिस्टम त्या घडीत लंडनचा टाइम भरून ठेवते, अन् दाखवताना साडेपाच घंटे जोडून दाखवते. तुही सिस्टम ते जोडत नाई. आतल्या घडीत जे आहे, तोच आपला टाइम समजते. म्हणून तुह्याकडे साडेपाच घंटे मागं. माह्या मोबाइलचं नेट लागलं की कधीतरी आपोआप ठीक होते. खराबी नाई ती. दोघांची आपली-आपली रीत आहे, बस."

मीनाक्षीताई बोटांवर मोजायला लागल्या. तीन दहा. त्यातून साडेपाच गेले. नऊ चाळीस.

"तुले मालूम होतं हे?"

"हौ. शुरू से."

"कवापासून?"

"दोन वर्षं झाले असतील. एक लाइन लिहिली की ठीक होते. मले वाटलं, टाइम तर सब मोबाइलमध्येच पाहतात, कोण पाहते तिथं."

प्राचीला तिच्या आईनं लहानपणीसुद्धा कधी मारलं नव्हतं. त्या दिवशी हात उचलला गेला होता, तो कसाबसा टेबलावर आदळला. "कोण पाहते? माह्या कागदाखाली छापून निघते ते! दोन वर्षं मी वार्डभर खोटे कागद वाटून राह्यली, अन् तुले मालूम होतं! भर विहारात त्या बिछायतवाल्यानं मले खोटं पाडलं, अन् तू म्हणते होता ही है!"

प्राचीचे डोळे भरून आले. ती पुढं होऊन म्हणाली, "आताच ठीक करून देते. दो मिनट लगेंगे."

"हात नोको लावू!" ताई ओरडल्या. चौदा वर्षं कोर्टाबाहेर बसलेली बाई होती ती. पुरावा धुवायचा नसतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. "जसं आहे तसं राहू दे. रविवारी हे खोकं विहारात जाईन. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवीन."

आठवडा कसा गेला ते विचारू नका. दुकानात गेल्या तर बोलणं थांबे. एकीनं आपला अर्ज टाइप करायला दिलेला परत नेला, म्हणाली घाई नाही. नळावर एकीनं हसत हसत म्हटलं, "ताई, उद्या पाणी येईन का? तुमाले तर आंधीच मालूम राह्यते." ताईंनी भरलेली बादली तिथंच उलटी केली आणि घरी आल्या. गुणाकर रोज म्हणे जाऊ दे, आणि त्या रोज त्याच्याशी एक दिवस बोलत नसत.

रविवारी साडेअकराला ई-रिक्षा दारात आली. मागच्या सीटवर मॉनिटर मांडीवर घेऊन प्राची आणि पायाशी खोकं दोन्ही हातांनी धरून मीनाक्षीताई. वंदनेचे पांढरे कपडे दोघींच्या अंगावर. रस्त्यातले लोक पाहत राहिले. विहारात माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. तमाशा पाहायला माणसाला बोलवावं लागत नाही.

बुद्धमूर्तीला वंदन करून ताईंनी बाजूच्या टेबलावर सगळं जोडलं. आधी प्राचीची सिस्टम उघडली. प्राचीनं मोबाइलचं नेट लावलं. "पाहा सगळे. भिंतीवर किती वाजले? बारा दहा. इथं किती? बारा दहा. बरोबर?" मग नेट काढलं, कॉम्प्युटर बंद केला, परत चालू केला, तीनदा बाण दाबला. म्हाताऱ्या कॉम्प्युटरला उघडायला दहा मिनिटं लागली. लोक कुजबुजत राहिले, ताईंच्या कपाळावर घाम आला.

"आता पाहा. भिंतीवर बारा वीस. इथं?"

"सहा पन्नास," पुढं बसलेल्या महागूबाबांनी वाचलं. सत्तरीच्या पुढचा माणूस, समितीत सगळ्यांत जुना.

"साडेपाच घंटे मागं. त्या दिवशी मी तीन दहाले छापलं, कागदावर नऊ चाळीस आलं. हे एवढंच आहे."

दोघातिघांच्या माना हलल्या. ताईंना वाटलं, झालं.

भालाधरे टाळ्या वाजवत उठले. "वा! पोरीनं शिकलं त्याचा उपयोग केला म्हणा! आठ दिवस मशीन तुमच्या घरी होती. घरूनच बिघडवून आणली. कॉम्प्युटरवाल्याले टाइम इकडचा तिकडं कराले काय लागते? अभ्यासिका पाह्यजे कोणाले? यांच्याच पोरीले. समजा तुम्हीच."

आणि माना परत दुसऱ्या बाजूला हलल्या. ज्यांनी आत्ता डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांच्याच माना. मीनाक्षीताईंचे कान तापले. या लोकांपुढं खोकं काय, सगळं घर उचलून आणलं असतं तरी काय झालं असतं? प्राची रडवेली होऊन तारा गुंडाळायला लागली. गुणाकर दाराशी खाली मान घालून उभा होता. ताईंनी नजर दुसरीकडे नेली, कारण कोणाकडे पाहिलं असतं तर तोंडून काय निघालं असतं याचा भरवसा नव्हता.

नजर गेली ती भिंतीवरच्या सूचना-फलकावर. काचेच्या आत मागच्या मीटिंगची नोटीस अजून तशीच लावलेली होती. खाली सही: खेमराज भालाधरे, अध्यक्ष. त्याच्याही खाली, अगदी तळाला, बारीक अक्षरांची एक ओळ.

त्या उठल्या. फलकाजवळ गेल्या. काच सरकवली, टाचण्या काढल्या आणि नोटीस हातात घेतली.

"अध्यक्षसाहेब, ही नोटीस कोणाची?"

"माही. सही नाई दिसत काय?"

"कुठं छापली?"

"तुमच्याच घरी. तुमच्यासमोर. सगळा वार्ड तिथंच छापते."

"त्या गुरुवारी तुमी आले, खुर्चीवर बसले, मी चहा देल्ला, अन् मी छापून देल्ली. तुमी तिथंच सही केली. हौ का नाई?"

"हौ. पण त्याचं काय आता?"

"महागूबाबा, खालचा टाइम वाचा. जोरात वाचा."

महागूबाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "गुरुवारची तारीख. टाइम... चार चाळीस." ते थांबले. "सकाळचे."

"पहाटेचे चार चाळीस," मीनाक्षीताई म्हणाल्या. "कागद खोटं बोलत नाई, तुमीच सांगतलं मागच्या रविवारी. ही नोटीस आठ दिवस माह्या घरी नोती, इथं काचेत होती. साडेतीनले माहा माणूस पाणी सोडाले जाते, हे साऱ्या वार्डाले मालूम आहे. तर सांगा साहेब, सगळ्यांसमोर सांगा. पहाटे चार चाळीसले तुमी माह्या घरी काय करून राह्यलते?"

भालाधरे नोटीस हातात घेऊन स्वतः पाहायला लागले.

"अवो, ते तर... सकाळचे दहा वाजले होते... दहा वाजून दहा..."

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला. तो जिजाबाईंचा होता, भालाधरेंच्या सख्ख्या बायकोचा.

"हौ, सांगा नं. तुमी तर रोज पहाटे फिराले जातो म्हणता!"

मग जे हसू फुटलं, ते बायकांच्या रांगेतून पुरुषांच्या रांगेत गेलं आणि दाराबाहेर चपलांपर्यंत पोचलं. प्राची हसत होती. खाली मान घातलेला गुणाकरसुद्धा तोंडावर हात ठेवून हसत होता. एकट्या मीनाक्षीताई हसल्या नाहीत. ज्यांनी आठ दिवस त्यांना खोटं ठरवलं, तेच आता पोट धरून हसत होते, आणि त्यांना ते हसणं त्या गप्प बसण्याइतकंच कडू लागत होतं.

"चला, गैरसमज झाला," भालाधरे रुमालानं मान पुसत म्हणाले. "मशीनची चूक. घरचीच बात आहे, मिटवून टाकू."

"मिटवू कायले? लिहू." ताईंनी पिशवीतून कार्यवाहीचं रजिस्टर काढलं. कॉम्प्युटरकडे त्यांनी पाहिलंही नाही. पेन उघडलं आणि मोठ्यानं बोलत हातानं लिहायला लागल्या. सरकारी दप्तराला चालते त्या हिंदीत, एकेक शब्द दाबून: सचिव ने जो कार्यवाही लिखी थी वह सच्ची थी. सचिव पर लगाया गया आरोप झूठा था. ऊपर का कमरा आठ दिन में खाली होगा और चाबी सचिव के पास रहेगी.

"कोणाले काही म्हणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

रजिस्टर रांगेतून फिरलं. महागूबाबांनी सही केली, बाकीच्यांनी केली, जिजाबाईंनी सगळ्यांत मोठी केली. शेवटी ते भालाधरेंपुढं आलं. त्यांनी घाईनं सही ओढली आणि रजिस्टर परत द्यायला लागले.

"टाइम टाका," ताई म्हणाल्या. "आपल्या हातानं."

भालाधरेंनी मान वर करून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. पेन कागदावर टेकवलं, पण लिहिलं नाही. परत घड्याळाकडे पाहिलं. मग हळू आवाजात, पुढं वाकून, त्यांनी विचारलं, "ताई... ही घडी बरोबर आहे नं?"

"आज इचारलं," मीनाक्षीताई म्हणाल्या. "त्या दिवशी इचारलं असतं, तर मी सांगतलं असतं."